पाणी कुठं मुरत होतं

"कुठंतरी पाणी मुरतंय" हे मी आजवर लोकांच्या भानगडींबद्दल म्हणत आले. मागच्या वर्षी स्वतःच्या भिंतीबद्दल म्हणायची पाळी आली, तीही शब्दशः.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहतो. घर १९९४चं. बाहेरून छान पिवळसर गिलावा दिसतो, पण तो सिमेंटचा नाही. इकडे त्याला सिंथेटिक स्टको म्हणतात. लाकडी सांगाड्यावर लाकडाच्या चुऱ्याचे दाबून केलेले तक्ते, त्यावर थर्माकोल, त्यावर जाळी बसवलेला पातळ थर आणि सगळ्यात वर रंगीत लेप. घर उबदार राहतं, दिसतंही देखणं. मेख अशी, की त्या काळात बसवलेल्या या भिंतींना आत शिरलेलं पाणी बाहेर जायला वाटच नसे. खिडकीच्या कोपऱ्यातून थेंब गेला की तो तक्त्यातच मुरायचा. १९९५च्या सुमाराला आमच्याच राज्यात, विल्मिंग्टनला, नव्याकोऱ्या घरांच्या भिंती आतून कुजलेल्या निघाल्या आणि मोठा गाजावाजा झाला. नंतर पाण्याचा निचरा होणारी पद्धत आली. आमचं घर त्याच्या आधीचं.

हे सगळं मला आज पाठ आहे. घर घेताना यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

आम्ही लावलेल्या घर-तपासनिसाने स्वच्छ लिहिलं होतं: बाहेरच्या भिंती माझ्या कामात येत नाहीत, त्यातल्या माहितगाराकडून तपासून घ्या. त्याचे वेगळे ७०० डॉलर पडणार होते. आमचा एजंट मंडळातलाच, गणपतीला आमच्याबरोबर आरतीला उभा राहणारा. तो म्हणाला, "वहिनी, कशाला उगाच खर्च? मालकाने दोन महिन्यांपूर्वीच तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही करून घेतलंय. हा बघा रिपोर्ट." दीड पानी रिपोर्ट. २२ ठिकाणी ओल मोजली, सगळीकडे आकडे ठीक, खाली सही-शिक्का. तपासणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी एकच, हे तिथंच खटकायला हवं होतं. पण तपासणीच्या मुदतीपोटी मालकाला दिलेली रक्कम परत मिळणार नव्हती, ती मुदत शुक्रवारी संपत होती आणि भिंतींना ताजा रंग होता. भुललो.

दिवाळीनंतर सांगलीहून सासरे आले. आयुष्य बांधकामावर मुकादमी करण्यात गेलं, त्यामुळे कुठलीही भिंत दिसली की बोटाच्या पेराने ठोकून बघायची सवय. मागच्या अंगणात चहा पिता पिता ठोकत निघाले. टण, टण, टण, आणि जेवणघराच्या खिडकीखाली आल्यावर बद्द. पुन्हा ठोकलं. बद्द. "अगं, हे मडकं फुटकंय," म्हणाले. घरात त्याच भिंतीच्या तळाशी असलेली पट्टी फुगली होती, ती मी वाफेमुळे समजून सोडून दिली होती.

मग खरा तपासनीस आणला. त्याने आधी भिंतीला हातच लावला नाही, जुना रिपोर्ट मागितला. तो घेऊन घराला दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "छिद्रं कुठायत?"

ओल मोजायची तर लेप आणि थर्माकोल भेदून दोन सुया मागच्या तक्त्यापर्यंत न्याव्या लागतात. नंतर छिद्रं सीलंटने, म्हणजे फटी भरायच्या रबरासारख्या लेपाने, बुजवतात, पण जोडीचे दोन ठिपके जवळून पाहिलं की रंगाखालीही ओळखू येतात. २२ जागी मोजलं तर २२ जोड्या हव्यात. आमच्या घरावर एकही नव्हती. वर रिपोर्टातल्या एका फोटोतल्या खिडकीला चौकटी-चौकटी होत्या. आमच्या सगळ्या खिडक्या सपाट काचेच्या. तो फोटो आमच्या घराचाच नव्हता!

त्याने सुया घातल्या. ओलीचा आकडा वीस टक्क्यांच्या वर गेला की काळजी. खिडकीखाली ४० दाखवत होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तक्त्यात लोण्यात जावा तसा गेला. "दुरुस्ती" म्हणजे जुनं, फाटलेलं सीलंट न काढता त्यावरच नवं फासलेलं. ते फार काळ टिकत नाही. छपराची कड जिथं भिंतीला येऊन संपते तिथं पाणी बाहेर उडवणारा वाकवलेला पत्रा लागतो, तो मुळातच नव्हता. दर पावसात पन्हळीशेजारून धार थेट भिंतीत.

दाद कुठं मागणार? रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं की तो फक्त मालकासाठी केलाय, दुसऱ्या कुणी त्यावर विसंबू नये. मालकाने घर विकताना भरायच्या माहितीपत्रकात "काही सांगू इच्छित नाही" असा पर्याय निवडलेला, आणि इथं तो चालतो. विम्यात हळूहळू झालेली कुजण बसत नाही. कंपनीचा फोन लागेना. एजंट म्हणाला, "मला तरी काय माहीत?" खरंच नसेल माहीत. पण कमिशन त्याला मिळालं आणि ४३ हजार डॉलर आम्ही भरले. दोन भिंती सोलून तक्ते नवे घातले.

१९९०च्या दशकातलं असं घर बघत असाल तर विकणाऱ्याने दिलेला रिपोर्ट बाजूला ठेवा. दुरुस्तीचं काम न घेणारा तपासनीस स्वतःच्या पैशाने आणा आणि तो सुया घालत असताना तिथं उभे राहा. ताजा रंग दिसला तर जास्तच.

काम झाल्यावर पुन्हा तपासणी केली. नव्या रिपोर्टात २६ नोंदी आहेत. सासऱ्यांनी परत जायच्या आदल्या दिवशी चष्मा लावून घराला फेरी मारली आणि ठिपक्यांच्या जोड्या मोजल्या. २६ भरल्या.