जिगसॉने गुण वाढतात का? एक वर्ग की दोन तुकड्या

जिगसॉ म्हणजे प्रत्येक मुलाने धड्याचा एक भाग शिकून तो गटातल्या इतरांना शिकवायचा. त्याने गुण वाढतात का हे तपासायला एकाच वर्गाची पूर्व-उत्तर चाचणी (आधी एकदा, नंतर एकदा) घ्यावी की एका तुकडीला जिगसॉ, दुसरीला नेहमीची पद्धत देऊन दोन तुकड्यांची तुलना करावी, असा प्रश्न एका शिक्षिकेने विचारलाय.

मेहनत एका वर्गात कमी, वादच नाही. पण भरवसा? मुलं महिनाभरात तशीही शिकतात, त्यात तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोपी जाते. सरासरी 12 ची 16 झाली, तर श्रेय कुणाचं? 12 वरच असलेली दुसरी तुकडी नेहमीच्या पद्धतीने 15 वर पोचली, तर जिगसॉचा वाटा जेमतेम एका गुणाचा! मात्र शिक्षक, धडा, तासिका दोन्हीकडे सारखे हवेत. हुशार तुकडीलाच जिगसॉ दिला, की मुसळ केरात.

स्वतःचं शिकवणं सुधारायचं असेल तर एक वर्ग पुरे. प्रबंध लिहायचा किंवा शाळाभर पद्धत लावायची, तर दोन तुकड्याच.