विहीर, टँक की नदी : पोहायला कुठं शिकायचं?

मार्च संपत आला की तासगाव, पलूस, कडेगावकडच्या घरांत एक बोलणं हमखास निघतं. पोराला सांगलीतल्या टँकची बॅच लावायची, की मामाच्या विहिरीवर धाडायचं? घरात दोन्हीकडे शिकलेली माणसं असतात, त्यामुळे वाद काही मिटत नाही.

आधी ‘पोहता येतं’ म्हणजे काय ते पक्कं करू. डोक्यावर पाणी असेल तिथं उडी मारायची, वर येऊन काही न धरता एक मिनिट तरंगायचं, जागच्या जागी पूर्ण वळायचं, 25 मीटर जायचं आणि शिडीशिवाय काठावर चढायचं. हे सगळं एकामागून एक, मध्ये न थांबता. टँकची रुंदी झपाझप पार करणाऱ्या पुष्कळ मुलांना यातलं एक मिनिट तरंगणं जमत नाही. आमच्या लेखी ती मुलं अजून शिकतायत. ठाव नसलेल्या पाण्यात विसावा घेता आला, की भीती गेली असं समजावं.

टँकचा खरा फायदा

उथळ बाजूला तीन-साडेतीन फूट पाणी असतं, म्हणजे पाय टेकतात. पाय टेकतात म्हणून श्वास शिकता येतो. तोंडानं हवा घ्यायची, चेहरा पाण्यात घालून नाकातोंडानं हळूहळू बुडबुडे सोडायचे, वर येऊन पुन्हा घ्यायची. असं सलग वीस वेळा न ठसकता जमल्याशिवाय हातपाय शिकवू नयेत. त्यानंतर पालथं तरंगणं, आणि तरंगताना परत उभं राहणं. हे उभं राहणं बहुतेक ठिकाणी शिकवलंच जात नाही. गुडघे पोटाशी घ्यायचे, तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पावलं तळाला लागली की शेवटी डोकं वर काढायचं. घाबरलेला माणूस डोकं आधी काढतो, मग कंबर खाली जाते, पाय पुढं निसटतात आणि कमरेएवढ्या पाण्यात तो गटांगळ्या खातो.

बॅच लावण्यापूर्वी एकदा नुसतं बघायला जा. एका शिक्षकाकडं नवशिकी मुलं सहापेक्षा जास्त नकोत. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर त्या पाण्यात बुडालेलं मूलही दिसणार नाही. औषधाचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळलं की तो वास येतो आणि डोळे चुरचुरतात. आणि एक प्रश्न जरूर विचारा : कितव्या दिवशी खोल पाण्यात नेता? बॅच संपेपर्यंत नेतच नसतील, तर मूल साडेतीन फुटांचंच पोहणारं होणार.

विहीर जे देते ते टँक देत नाही

विहिरीत पहिल्या दिवसापासून ठाव नसतो. पाणी उचलतं हे अंगाला आपोआप कळतं, मुटका मारून वर येण्याची सवय लागते आणि खोलीचं भय सरतं. पण श्वासाचं शिक्षण तिथं कच्चं राहतं. डोकं वर ठेवून हात मारायची सवय लागते, ती पुढं मोडता मोडत नाही, आणि शंभर मीटरमध्ये माणूस दमतो.

विहीर निवडताना पायऱ्या पाण्याच्या आत उतरलेल्या हव्यात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, शेवटची पायरी उघडी पडते आणि पोरगं दमून आलं तरी धरायला काही नसतं. कडा कच्च्या असतील, दरड सुटत असेल, तर ती विहीर सोडाच.

मोटरीचं मात्र काटेकोर बघा. पुष्कळ शेतकऱ्यांचा स्टार्टर ‘ऑटो’वर असतो. लाइट गेली म्हणून मोटर बंद आहे असं समजून पोरं उतरतात, आणि लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते. केबलचा जोड पाण्यात असला आणि टेप सुटलेली असली तर करंट उतरतो. म्हणून ऑटो बंद करायचं, मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात ठेवायचा. नुसतं बटण दाबून भागत नाही.

पाठीला काय बांधायचं

आपल्याकडं पांगाऱ्याचा बिंडा (हलक्या लाकडाचे एकत्र बांधलेले तुकडे), सुका भोपळा किंवा झाकणबंद डबा, आणि शहरात दंडावरचे फुगे किंवा हातात धरायची तरंगती फळी, म्हणजे किकबोर्ड. हे एकमेकांना पर्याय नाहीत, कारण प्रत्येकजण शरीर वेगळं धरतो.

दंडाचे फुगे मुलाला उभं धरतात. तोंड वर राहतं, पण पाय खाली लोंबतात. महिनाभर तसं खेळलेलं मूल फुगे काढले की उभंच राहू बघतं आणि खाली जातं. पाठीवरचा बिंडा शरीर आडवं धरतो, म्हणून हातपाय लवकर बसतात. त्याचा धोका उलटा. मूल दमलं आणि मान टाकली तर तोंड पाण्यात जातं, बिंडा त्याला सोडवत नाही. म्हणून हाताच्या अंतरावर पोहणारा माणूस हवाच.

रिकाम्या पाच लिटरच्या डब्याची उचल साधारण साडेचार किलो असते. पाण्यात माणसाचं वजन फार थोडं उरतं, त्यामुळे एवढी उचल मुलाला भरपूर होते. बांधायचा तो पाठीच्या मध्यावर. कमरेवर घसरला की बूड वर येतं आणि तोंड बुडतं. झाकणातून पाणी शिरतंय का, ते रोज डबा बुडवून बघा. भोपळ्याला चीर आहे का तेही. दर चार-पाच दिवसांनी आधार कमी करत न्या : बिंड्याचा एक तुकडा काढा, किंवा डब्यात अर्धा लिटर पाणी भरा, म्हणजे अर्धा किलो उचल कमी होते. मुलाला फरक जाणवतही नाही. एकदम सोडवलं तर धसका बसतो, आणि तो धसका काढायला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. ट्यूब खेळायला ठीक आहे, शिकायला नको. उलटली की पाय वर अडकतात.

कृष्णा

सांगलीचं पोहणं कृष्णेवर वाढलं, हे मान्य. तरीही नवशिक्यासाठी नदी नाहीच. वाळूउपशाच्या खड्ड्यांमुळे कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. धरणातून पाणी सोडलं की ओढ वाढते. भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्या काठाच्या मातीत अंडी घालतात आणि राखणीला थांबतात, म्हणजे नेमक्या आपल्या पोहण्याच्या दिवसांत. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानतात, पण बुडायला त्याच्या कितीतरी कमी पाणी पुरतं.

मोठ्या माणसांनी

तिशी-चाळिशीत शिकणाऱ्यांनी सुरुवात टँकमध्येच करावी, विहिरीत अजिबात नको. त्यांची अडचण ताकदीची नसते. ते श्वास कोंडून धरतात. आत कर्बवायू साठतो, छाती घुसमटते, आणि हवा असूनही दम संपल्यासारखं वाटतं. श्वास सोडायला शिकणं हेच त्यांचं निम्मं पोहणं. घोटे आखडलेले असतात, म्हणून पाय मारूनही पुढं सरकत नाहीत. त्यांनी आधी उताणं तरंगायला शिकावं : कान पाण्यात, नजर आभाळाकडं, पोट वर. बायकांनी स्वतंत्र बॅच असलेला टँक बघावा आणि सुती कपडे टाळावेत. ते भिजून जड होतात आणि पायात गुंततात. अंगभर नायलॉनचा पोहण्याचा पोशाख चालतो. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

मुलांसाठी आमचा कौल असा : आधी महिनाभर टँक, रोज चाळीस मिनिटं, नुसतं शनिवार-रविवार नको. मग मे महिन्यात पायऱ्यांच्या विहिरीवर, जाणत्या माणसाबरोबर. गावाला टँकच नसेल तर श्वासाचा सराव पायरीवर बसून, छातीपर्यंतच्या पाण्यात करून घ्या. विहिरीचं पाणी गार असतं. ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर काढा.

काठावर हवा भरलेली ट्यूब आणि तिला बांधलेला लांब दोर कायम ठेवा. बुडणाऱ्याकडं आधी ती फेका. त्याच्या मिठीत सापडलेला पट्टीचा पोहणाराही बुडतो. बाहेर काढलेला श्वास घेत नसेल तर पोट दाबत किंवा उलटं धरत वेळ घालवू नका. एकानं 108 ला फोन करायचा. दुसऱ्यानं आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत.