तीन पन्हळींचा ट्रे, तीन महिने वापरून

आधी ट्रेचं माप सांगतो, कारण माझं पहिलं भांडण मापाशीच झालं. लांबी 38 सेंटीमीटर, रुंदी 24 आणि मध्ये तीन पन्हळी. गोदामावरच्या पन्हळी पत्र्याचा तुकडा कापावा, त्याला चाळणीसारखी भोकं पाडावीत आणि वर काळा मुलामा द्यावा, असं हे प्रकरण दिसतं. फ्रेंच ब्रेडचा ट्रे या नावाने ऑनलाइन मिळतो. मला ₹849 ला पडला.

माझा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा छोटा ओव्हन, 28 लिटरचा. त्याची रुंदी मी मोजली ती बाहेरून. आतून तो निघाला 35. ट्रे आडवा जाईना, उभा जाईना, तिरका घातला तर दार लागेना. वीज खात्यात 34 वर्षं काढलेल्या माणसाने ओव्हनचं बाहेरचं माप घ्यावं यावर सौ. दोन दिवस हसत होती. परत पाठवायला सात दिवसांची मुदत होती, पण तेवढा धीर कुणाला? तिसऱ्या दिवशी लक्ष्मी मार्केटकडच्या एका पत्रेवाल्याकडे नेला. त्याने कडेची तार काढली, चार सेंटीमीटर कापले, कडा आत वळवून दिली आणि साठ रुपये घेतले. "साहेब, हे कशाचं?" म्हणाला. म्हटलं, पावाचं. "असला लांब पाव?" म्हणून त्याने ट्रे उलटासुलटा करून बघितला. त्याचं बरोबर होतं. खरा फ्रेंच ब्रेड दोन-सव्वादोन फूट लांब असतो. घरगुती ओव्हनमध्ये होतो तो त्याचा निम्मा भाऊ.

हे खूळ डोक्यात शिरलं ते फ्रान्समधल्या तुलूझमध्ये. लेक तिथे नोकरीला, 2023 च्या वसंतात आम्ही दोघं तिच्याकडे अडीच महिने राहिलो. सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रेड आणायचं काम माझ्याकडे. त्याला तिकडे 'बागेत' म्हणतात. मी बागेत आणायला चाललो म्हटलं की सौ. विचारायची, "बागेत काय आणायला?" हा विनोद अडीच महिने चालला. लेकीने मला एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, 'पा त्रो क्वीत, सिल वू प्ले', म्हणजे फार भाजलेला नको. आठवड्याभरात मी ते बदलून 'बिएँ क्वीत', चांगला खरपूस, करून टाकलं. कागदात गुंडाळलेला तो गरम दांडा काखेत धरायचा आणि घरी पोचेपर्यंत त्याचं टोक मोडून खायचं. तिथे सगळेच खातात, कुणाला लाज वाटत नाही.

त्या बेकरीत दोन प्रकार असत, साधा आणि 'त्रादिस्याँ'. दुसरा थोडा महाग, सव्वा युरोच्या आसपास. लेकीने सांगितलं की या नावाला कायद्याचा आधार आहे. सप्टेंबर 1993 मध्ये फ्रेंच सरकारने हुकूम काढला, की परंपरागत फ्रेंच ब्रेड म्हणून विकायचा तर तो कुठल्याही टप्प्यावर गोठवलेला नसावा आणि त्यात मिश्रकं नसावीत. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण. शेंगांचं किंवा माल्टचं पीठ चालतं, पण अगदी नाममात्र. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोनेही या ब्रेडच्या कारागिरीला वारशाच्या यादीत घेतलं. एका पावासाठी एवढा खटाटोप बघून मला आधी गंमत वाटली. मग मिरजेला परत आलो आणि पाकिटातला ब्रेड खाल्ला.

ट्रेच्या खोक्यात एक चिठ्ठी होती, 'सोपा फ्रेंच ब्रेड, दीड तासात'. तिच्यात दोन चमचे साखर, तीन चमचे तेल आणि यीस्टचं अख्खं पाकीट. मी इमानेइतबारे तसा करून पाहिला. झाला छान, फुगला, सोनेरी दिसला. पण बोटाने दाबला तर स्पंजासारखा आत गेला आणि चवीला लादीपाव. लांबट लादीपाव हवा असेल तर ती चिठ्ठी उत्तम आहे, तक्रार नाही. साखर आणि तेल पाव मऊ ठेवतात आणि मला नेमका तो मऊपणा नको होता. जास्त यीस्ट घातलं की वेळ वाचतो, चव मात्र वेळेतूनच येते.

आता माझं प्रमाण. मैदा 400 ग्रॅम, पाणी 260, मीठ 7, कोरडं इन्स्टंट यीस्ट 2. वाटी-चमच्याने मोजू नका, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. ट्रेपेक्षा तो आधी घ्या. फ्रान्समध्ये पिठाला नंबर असतात, 55, 65 वगैरे. पीठ जाळल्यावर किती राख उरते त्यावरून हे नंबर ठरतात, म्हणजे कोंड्याचा अंश किती राहिलाय ते कळतं. आपल्याकडे मैदा म्हणजे मैदा. मी 400 पैकी 40 ग्रॅम चपातीचं पीठ घालतो. रंगाला आणि वासाला फरक पडतो.

पीठ आणि पाणी नुसतं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचं, मीठ आणि यीस्ट नंतर. रेमों काल्वेल नावाच्या फ्रेंच बेकरी-शिक्षकाने ही रीत प्रसिद्ध केली. सौ.ला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "चपातीची कणीक आम्ही काय लगेच लाटतो का?" कणीक पुरणपोळीच्या कणकेइतकी सैल ठेवायची. हाताला चिकटते. चिकटू द्यावी, वरून पीठ भुरभुरत बसू नये. बदडून मळायचीही गरज नाही. दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चार बाजूंनी ओढून दुमडायची, असं तीनदा.

मिरजेच्या एप्रिलने मला धडा शिकवला. बेकरीवाले हवेचं, पिठाचं आणि पाण्याचं तापमान मिळून एक बेरीज धरतात आणि त्यावरून पाणी किती गार घ्यायचं ते काढतात. मळायच्या पद्धतीप्रमाणे आकडा बदलतो, मी 60 धरली होती. आमचं स्वयंपाकघर 37, पिठाचा डबा 36. म्हणजे पाणी हवं उणे तेरा अंश! पहिल्या खेपेला मी माठातलं पाणी वापरलं. कणीक पाऊण तासात भांड्याबाहेर आली आणि ब्रेडला आंबूस, दारूसारखा वास. तेव्हापासून मैद्याचा डबा आदल्या दिवशी फ्रीजमध्ये, पाणी फ्रीजमधलं आणि दुमडून झालेली कणीक रात्रभर फ्रीजमध्येच. बारा ते सोळा तास. सकाळी ती जेमतेम दुप्पट झालेली असते आणि वास येतो तो गव्हाचा, किंचित ताकासारखा.

सकाळीच भाजण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कुठल्याही पाककृतीत सापडणार नाही. माझे सकाळचे ब्रेड खरपूस आणि संध्याकाळचे पांढुरके का, हे दोन आठवडे कळत नव्हतं. पीठ तेच, वेळ तोच. मग जुना मल्टिमीटर काढला. सकाळी सहाला 232 व्होल्ट, रात्री आठला 198. सगळ्यांचे एसी आणि पंप चालू. आता ओव्हनची सळई म्हणजे निव्वळ रोध. तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ला 1600 वॅटचा ओव्हन 198 ला 1200 वॅटचाही उरत नाही. बटण 250 वर ठेवलं तरी आतला थर्मामीटर 205 च्या पुढे सरकेना. तुमचा ब्रेड भाजत नसेल तर यीस्टला शिव्या देण्याआधी घरातलं व्होल्टेज बघा. आणि आत ठेवायचा थर्मामीटर घ्याच. माझा ओव्हन भर सकाळीसुद्धा 250 च्या बटणावर 225 देतो. एका खेपेला वीज लागते जवळजवळ एक युनिट, मीटरवर पाहिलंय.

वाफेचं सांगायचं राहिलं, आणि कवच त्यावरच ठरतं. पहिली दहा-बारा मिनिटं भोवती वाफ असली की वरचा थर ओला, लवचिक राहतो, त्यामुळे ब्रेड मनासारखा फुगतो. पृष्ठभागावरचा स्टार्च शिजतो, त्याचीच पुढे चकचकीत कुरकुरीत पापडी होते. वाफ नसेल तर कवच आधीच वाळतं आणि ब्रेड भलतीकडे फाटतो. लोक तापलेल्या तव्यावर उकळतं पाणी ओततात. मीही ओतलं, चार थेंब दाराच्या काचेवर उडाले आणि अशी काही चर्रर्र झाली की माझाच जीव वर आला. ओटीजीच्या सळया उघड्या असतात, तिथे पाणी ओतू नका, हे जुन्या खात्यातला माणूस म्हणून सांगतोय. शिवाय त्याला इतक्या फटी असतात की वाफ थांबत नाही. मी केटरिंगवाल्याकडचा फॉइलचा मोठा डबा आणला. ट्रेवर आधी पाण्याचा फवारा मारतो, मग डबा उपडा झाकतो. ब्रेडची स्वतःची वाफ आत कोंडते. बारा मिनिटांनी डबा काढायचा, पुढे बारा-चौदा मिनिटं उघडं. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

चिरा पाडायला दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं बांबूच्या काडीला अडकवतो. आडव्या काकडीसारख्या चिरा नकोत. जवळजवळ लांबीच्या दिशेने, पातं तिरकं धरून, एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्याजवळ. दोनशेवीस ग्रॅमच्या दांड्याला तीन पुरतात.

मग या सगळ्यात ट्रे काय करतो? दोन कामं, आणि दोन्ही चोख. सैल कणीक सपाट ताटात पसरून चपला होते, पन्हळीत ती गोल राहते. आणि भोकांतून गरम हवा खाली पोचते, त्यामुळे तळ ओला राहत नाही. मी एकदा एक दांडा साध्या ताटात आणि दोन या ट्रेमध्ये भाजून पाहिले, खालच्या बाजूचा फरक डोळे मिटून कळला. दोष असा, की कणीक जास्त वेळ मुरत ठेवली तर भोकांत उतरते आणि भाजल्यावर ब्रेडच्या पाठीला काट्यांसारखी चिकटते. तेल लावून उपयोग झाला नाही. तांदळाची पिठी भुरभुरली, तेव्हा सुटला. एकदा रागाने तारेच्या घासणीने घासला तर मुलामाच निघाला, ती खूण अजून आहे. आता जुना टूथब्रश वापरतो. मुलामा आहे म्हणून रिकामा तापवतही नाही. आणि विक्रेत्याने मापात कडेची तार धरली आहे की नाही, हे पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पाचपैकी साडेतीन तारे देतो. ज्यांचा ओव्हन आतून 40 सेंटीमीटर आहे त्यांनी चार समजावेत.

खायला म्हणाल तर ताजा असताना नुसतं लोणी. पण आमच्या घरात तो खपतो रविवारच्या तांबड्या रश्श्याबरोबर. कवच रश्श्यात बुडवलं तरी विरघळत नाही, चावावं लागतं. सौ. वेंगुर्ल्याची. पहिला जमलेला ब्रेड तिने मोडला, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हा आमच्या उंड्याचाच लांब भाऊ." उंडा म्हणजे तिकडचा कडक कवचाचा गोल पाव. तिच्याकडून एवढं म्हणजे पदकच. लगेच पुढे, "पण अहो, एवढ्या कुटाण्यात चाळीस चपात्या झाल्या असत्या."

तेल नसल्याने हा ब्रेड रात्रीपर्यंत कडक होतो. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे आणखी लवकर शिळा होतो. पाण्याचा हात फिरवून पाच मिनिटं तापल्या ओव्हनमध्ये घातला की तासाभरासाठी पुन्हा जिवंत. दुसऱ्या दिवशी मात्र सरळ फोडणीचा पाव करावा, कढीपत्ता सढळ हाताने.

गेल्या आठवड्यापासून माझं भाजणं बंद आहे. यीस्ट आहे, मैदा आहे, सकाळचं व्होल्टेजही चांगलं आहे. ट्रे गच्चीवर आहे. खालून हवा लागते म्हणून सौ.ने त्यात सांडगी मिरची वाळत घातलीय.