डेंजर क्लोज: बंदुकांसाठी तरी बघाच

'डेंजर क्लोज' (२०१९, दिग्दर्शक क्रिव्ह स्टेंडर्स) बघितला. व्हिएतनाममधली लाँग टानची लढाई, १८ ऑगस्ट १९६६, रबराच्या मळ्यात ऑस्ट्रेलियाची डेल्टा कंपनी अडकते, न्यूझीलंडचे ३ तोफखानावाले धरून १०८ जण आणि समोर कितीतरी पट शत्रू. स्टोरी ठीक, डायलॉग काही ठिकाणी फारच ठरलेले वाटले, पण हत्यारांच्या बाबतीत मेहनत घेतलीये आणि ती दिसते.

सगळ्यात भारी एसएलआर, म्हणजे ऑस्ट्रेलियन सैनिकांची सेल्फ-लोडिंग रायफल. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर बघितलीये त्यांना लगेच ओळखू येईल, ईशापूरच्या कारखान्यातली आपली एसएलआर आणि ही, दोन्ही बेल्जियन एफएएल रायफलच्याच घराण्यातल्या. ७.६२ मिमीची जड गोळी, २० चं मॅगझिन, आणि ट्रिगर दाबला की एकच राउंड. बाकीच्या वॉर पिक्चरमध्ये सगळे धडाधड ऑटोवर मारत सुटतात आणि मॅगझिन कधी संपतच नाही, इथे तसं करायची सोयच नाही, नेम धरून एकेक गोळी मारावी लागते आणि समोरून एके-४७ चालू. ऑटोवर चालणारी एम६० मशीनगन पण सेक्शनला, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीला, एकच. त्यात रायफलवाल्याकडे त्या दिवशी जेमतेम ६० राउंड, म्हणजे ३ मॅगझिन, आता विचार करा तासन्तास चाललेल्या लढाईत ते किती पुरणार! म्हणूनच एअरफोर्सची इरोक्वॉय हेलिकॉप्टरं झाडांच्या वरून दारूगोळा टाकतात तो सीन माझ्या अंगावर आला, आणि तो प्रत्यक्षात घडलेला आहे, तोही धो धो पावसात.

तोफांचे सीन पण मस्त जमलेत. नुई दातचा ऑस्ट्रेलियन तळ साधारण ५ किमीवर, तिथून १०५ मिमीच्या तोफा आपल्याच माणसांच्या इतक्या जवळ गोळे टाकतात की मळ्यातली माणसं जमिनीला चिकटून पडतात. या तोफा नसत्या तर कंपनी वाचलीच नसती, १८ ऑस्ट्रेलियन तरीही गेले.

खटकलं एवढंच की व्हिएतनामी बाजूच्या हत्यारांवर कॅमेरा थांबतच नाही, ते नुसते धावत येतात आणि पडतात. लढणारी ती पण माणसंच होती, त्यांना थोडा वेळ द्यायला हवा होता.

माझ्याकडून ५ पैकी ४. मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका, निदान हेडफोन तरी लावा, एसएलआर आणि एके-४७ च्या आवाजातला फरक ऐकायलाच हवा.