कोकणात समुद्रावर सूर्य उगवतो, असं मी मानलं

२९,५९९ रुपये. खोलीच्या बुकिंगमध्ये मी इतक्याला फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात तो रोज कुणीतरी काढतंच.

दिवाळीत बडोद्याहून गाडीने कोकण करायचं ठरलं. पहिला मुक्काम अलिबागला, मग हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दाभोळ-धोपावे फेरी आणि गुहागरला तीन रात्री. पुढे तवसाळ-जयगड करून गणपतीपुळे, आरे-वारे. गाडीत आम्ही दोघं, मुलं आणि आई. गुहागर सोडून सगळीकडचं बुकिंग झालं होतं. सुट्ट्यांत तिथे खोल्या मिळणं किती कठीण असतं, हे गेलेल्यांना माहीत आहे. दोन दिवस फोन करकरून कंटाळलो होतो, तेव्हा ‘समुद्राला लागून घरगुती निवास’ दिसला. दोन खोल्या, प्रत्येकी ३,२००, तीन रात्रींचे १९,२००.

फोनवरचा माणूस अस्सल कोकणी हेल काढून बोलत होता. ‘दादा, आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर खालचीच खोली देतो.’ आता अशा माणसावर कोण संशय घेईल? मी घेतला नाही. निम्मे म्हणून ९,६०० पाठवले. ॲपवर नाव आलं ते भलतंच, परप्रांतीय. म्हणाला, मॅनेजरचं खातं आहे. दुसऱ्या दिवशी परत मिळणारं डिपॉझिट म्हणून ५,०००. संध्याकाळी फोन, ‘सिस्टिममध्ये बुकिंग अडकलंय, रकमेच्या चौकटीत १४९९९ हा कोड टाका, पैसे कापले जात नाहीत.’ मी टाकला. पिनही टाकला. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे मी, बायको हे आवर्जून सांगते.

पैसे गेलेच. तो म्हणाला, ‘जास्तीचे चेक-इनला रोख परत देतो, काळजीच करू नका.’ त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायला हवा होता. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात. मी बारा दिवस थांबलो, कारण फोन केला तर बुकिंग जाईल ही भीती. हसा.

पण खरी चूक त्याच्याही आधीची. दांडियाबाजारातल्या घरी मी आईला फोटो दाखवत होतो. माडांच्या मधून समुद्र, पाण्यातून वर येणारा लालबुंद गोळा, खाली लिहिलेलं, ‘पहाटे अंथरुणातूनच सूर्योदय!’ आईने चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, ‘अरे, गुहागरला सूर्य समुद्रात बुडतो ना? उगवतो तो मागे डोंगरावर.’ तिचं माहेर रत्नागिरीचं. मी म्हणालो, ‘आई, फोटो कुठलेही टाकतात गं हल्ली.’ बरोबरच म्हणालो. कुठलाही टाकला होता. पुढचा विचार मात्र केला नाही. ज्याला स्वतःचं घर आहे तो दुसऱ्या किनाऱ्याचा समुद्र कशाला लावेल?

धोपाव्याला उतरून गुहागर गाठेपर्यंत अंधार पडला. नकाशातल्या खुणेवर सुपारीची वाडी, बांबूचं फाटक आणि कंदील घेतलेले एक आजोबा. ‘आमच्याकडे खोल्याबिल्या नाहीत हो. या सुट्टीत तुम्ही चौथे.’ फोन अर्थातच बंद. स्टँडजवळच्या लॉजमध्ये पाच जण एका खोलीत, २,८००. आईने ठेपले काढले. फोटोचा विषय तिने आजतागायत काढलेला नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

मग सरकारी फेऱ्या. तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे बडोद्याहून गेले, तिकडे द्या. इकडे आलो तर, ‘साहेब, आ तो महाराष्ट्रनुं मॅटर छे.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ स्पष्ट म्हणतं की गुन्हा कुठेही घडो, तक्रार नोंदवून घ्यायची. मी कलम दाखवलं तर हवालदाराने मलाच विचारलं, ‘वकील छो?’ तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा, स्टेटमेंटच्या झेरॉक्स दोनदा, कारण पहिल्या हरवल्या. शेवटी मिळाला तो अर्ज घेतल्याचा शिक्का. बँकेत तर ताईंनी मान वर न करताच सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. नियम तसाच आहे म्हणे. माझे पैसे ज्यात गेले ते भलत्या नावाचं खातं ज्या बँकेने दिलं, तिला कोण विचारणार? त्यावर उत्तर, ‘लेखी द्या.’ दिलं. त्याचंही उत्तर नाही.

तर बुवांनो, रकमेच्या चौकटीत टाकलेला आकडा हा रुपयाच असतो, कोड नसतो. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. खोली ठरवताना व्हिडिओ कॉल करा आणि मालकाला वाडीतून चालत समुद्रापर्यंत जायला सांगा. गावातल्या एखाद्या खानावळीला फोन करून हे घर आहे का एवढं विचारा, तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि घरात रत्नागिरीची म्हातारी असेल तर तिचं ऐका.

काल सहज शोधलं. तोच सूर्योदय, तेच माड. आता तो निवास दिवेआगरला आहे आणि दर ३,६०० झालाय.