संधिवाताच्या मुलाचा ताप: नेहमीची उसळी की मॅस?

पावसाळा सरला की इंदुरात ताप म्हणजे आधी डेंग्यू, हे ठरलेलंच. पण घरात सिस्टेमिक जेआयएचं, म्हणजे ताप-पुरळाच्या बालसंधिवाताचं मूल असेल, तर आणखी दोन शक्यता धराव्या लागतात: आजाराची उसळी, नाहीतर मॅस (मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम). मॅसमध्ये प्रतिकारशक्ती बेलगाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागते. या आजारात साधारण दहातल्या एका मुलाला तो उघडपणे होतो, आणि जिवावर बेततो.

उसळीत ताप दिवसातून एकदा-दोनदा चढतो आणि मधे पार उतरतो. पुरळही तापाबरोबर येतं-जातं. मॅसमध्ये ताप हटत नाही, अंगावर निळे डाग पडतात, मूल गुंगीत जातं.

खरी फसगत रिपोर्टात होते. उसळीत ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) आणि प्लेटलेट दोन्ही वर. मॅसमध्ये फायब्रिनोजेन, म्हणजे ईएसआर वर ठेवणारं रक्त गोठवण्याचं प्रथिन, संपत जातं, म्हणून ईएसआर उतरतो, आणि घरचे म्हणतात, 'चला, सुधारतंय!' प्लेटलेट पावणेदोन लाख असतील तर लॅबच्या कागदावर त्या नॉर्मलच दिसतात. पण मागच्या आठवड्यात त्या पाच लाख असतील तर? २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत ताप, ६८४ च्या वर फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) आणि सोबत चारपैकी दोन गोष्टी धरल्या आहेत: प्लेटलेट १ लाख ८१ हजार किंवा कमी, एएसटी (यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम) ४८ च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५६ च्या वर, फायब्रिनोजेन ३६० किंवा कमी. म्हणून जुने रिपोर्ट सोबत न्याच. एकट्या आकड्यापेक्षा घसरण जास्त बोलते.

आता कारणं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे आटोक्यात न आलेला मूळ आजारच. त्याखालोखाल संसर्ग: एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो हे विषाणू, आपल्याकडे डेंग्यूसुद्धा. त्यामुळे डेंग्यू पॉझिटिव्ह आला म्हणून मॅस बाद होत नाही. डेंग्यूनेच तो पेटलेला असू शकतो. काही मुलांत पेशी मारणाऱ्या यंत्रणेच्या जनुकांतच थोडी खोट असते. औषधांवर मात्र लोक फार लवकर खापर फोडतात. तसे काही दाखले आहेत, पण तेवढ्यावर स्टेरॉइड मनानेच बंद करणं म्हणजे आगीत तेल. उलट, डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारखं वेदनाशामक चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

ताप उतरत नसेल, गुंगी असेल किंवा रक्त येत असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. रात्रीच इमर्जन्सी गाठा आणि 'सिस्टेमिक जेआयए आहे, फेरिटिन पाहा' हे पहिल्याच वाक्यात सांगा.