सीटी की एमआरआय? डोक्याचा फोटो काढण्याआधी

"सीटी कशाला, थेट एमआरआयच काढूया की." कोल्हापुरात मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसलेले नातेवाईक हमखास हे बोलतात. जास्त पैशाचा तो जास्त चांगला, असा त्यामागचा हिशेब असतो. पण आजार काय आहे आणि हातात वेळ किती आहे, हे कळल्याशिवाय तो हिशेब जुळत नाही.

सीटी म्हणजे क्ष-किरण. काही मिनिटांत उरकतं. ताजं रक्त आणि मोडलेलं हाड त्यात लख्ख दिसतं. किरणोत्सर्ग होतो, पण डोक्याच्या एका सीटीत तो साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे गरज असताना टाळावा इतका नाही. एमआरआय चुंबकावर चालतो आणि त्यात किरणोत्सर्ग नाही. मात्र अर्धा-पाऊण तास त्या बोगद्यात, ठकठक आवाजात, न हलता पडून राहावं लागतं. लहान मुलांना बऱ्याचदा गुंगीचं औषध देऊनच आत घ्यावं लागतं.

आता खरी घाई कशात, तर अंगावरून वारं गेलं तेव्हा. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडी वळलेली. यामागे दोन कारणं असू शकतात: रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, नाहीतर रक्तवाहिनी फुटलेली असते. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर जिवावर बेतेल. म्हणून आधी सीटी, आणि तोही लगेच. इथे एक गैरसमज फार नडतो. गुठळीचा झटका पहिल्या काही तासांत सीटीत दिसेलच असं नाही. "सीटी नॉर्मल आलं, म्हणजे काही नाही" म्हणून लोक सुस्कारा सोडतात. अहो, रक्तस्राव नाही म्हणजे इंजेक्शनचा विचार करता येतो, आणि ते ४.५ तासांच्या आत द्यायचं असतं! मोठी वाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी काढण्याची सोय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही असते. म्हणून त्याच वेळी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी, करून घेतात. एमआरआयमध्ये नवा झटका फार लवकर दिसतो, हे खरं. रुग्ण झोपेतून उठला तोच झटका घेऊन, आणि वेळ नेमकी माहीत नाही, तेव्हा त्याचा मोठा उपयोग होतो. पण मशीन मोकळं होण्याची वाट बघत सीटी लांबवणं शहाणपणाचं नाही. चंदगडकरांनी कोल्हापूरचाच हट्ट धरू नये, त्यांना बेळगाव जवळ पडतं. कबुतराच्या रक्ताचं मालीश वगैरे प्रकारात तर ते साडेचार तास असेच संपतात.

हायवेवर गाडीवरून पडून डोक्याला मार बसला, तर प्रश्नच नाही, सीटी.

आकडीचं गणित उलटं. फिट थांबलेली, माणूस शुद्धीवर, घाई नाही. मग एमआरआय चांगला, आणि तोसुद्धा फिटसाठी ठरवलेल्या पद्धतीने, बारीक काप घेऊन. साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या बाजूचा छोटा व्रण निसटू शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "फिट" हा शब्द असेल, याची खात्री करा. फिट आणणारी फीतकृमीच्या (पोटातल्या चपट्या जंताच्या) अळीची मेंदूतली गाठ मात्र दोन्हीकडे वेगळी दिसते: जिवंत गाठ एमआरआयमध्ये, वाळून चुना धरलेली सीटीत जास्त स्पष्ट. "आम्ही तर माळकरी, मांस खात नाही" म्हणून सुटका नाही. कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतूनही पोटात जातात. आणि ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल आला म्हणून फिटचा आजार नाही, असंही नाही.

पाठीचा कणा, मज्जारज्जू, पाय जड पडत जाणं, नजर अचानक अंधुक होणं: एमआरआय.

उरली नेहमीची अर्धशिशी आणि कंपवात. तपासणीत बाकी काही बिघाड नसेल तर जुन्या अर्धशिशीला दोन्ही नकोत. कंपवाताचं निदान डॉक्टर चाल, हात आणि चेहरा बघून करतात. साधा एमआरआय त्यात बहुधा नॉर्मलच येतो, तो काढतात दुसरं कारण नाही ना हे बघायला. डोकेदुखी अचानक, आयुष्यात कधी नव्हती इतकी, किंवा ताप आणि मान आखडण्यासोबत आली, तर मात्र तासाभराचीही वाट बघू नका.

एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम विचारायला हवी. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे लेथवर आणि फौंड्रीत काम केलेल्या किती जणांच्या डोळ्यात कधीतरी लोखंडाचा कण गेलेला असतो! तो आत राहिला असेल तर चुंबकाने सरकून डोळ्याला इजा होऊ शकते. तंत्रज्ञाला आधी सांगा, शंका असेल तर आधी एक्स-रे काढतात. पेसमेकर, मेंदूतल्या जुन्या क्लिपा, कानातलं इम्प्लांट हेही तसंच. नव्या पेसमेकरवर एमआरआय होऊ शकतो, पण कार्ड दाखवून.

एमआरआयचं चुंबक १.५ टेस्ला ताकदीचं की ३ टेस्ला, यावरून सेंटर बदलत फिरू नका. बहुतेक आजारांना १.५ पुरतो. फिटचं कारण सापडत नसेल तेव्हा ३चा आग्रह डॉक्टरच धरतील.

रिपोर्टमध्ये "वयानुसार बदल" किंवा "सायनसला सूज" असं काही वाचून घाबरून जाऊ नका, साठीनंतर अशा नोंदी सर्रास असतात. नुसता कागद नको, सीडी मागून घ्या. पुढे पुण्याला किंवा मुंबईला जावं लागलं तर तिथले डॉक्टर मूळ चित्रं बघतात.